हे सभागृह शिफारस करते की…

आमच्या कॉलेजात यंदा युवा संसद झाली. तिच्यात मी खासदार नव्हते, मंत्री नव्हते, सभापती तर नव्हतेच. मी होते पडद्यामागची लेखनिक. मराठी साहित्य मंडळात आहे म्हणजे हिला मराठी लिहिता येत असणार, अशा भाबड्या समजुतीने सरांनी तीन ठरावांचे मसुदे माझ्या गळ्यात घातले. विषय वरून ठरून आले होते: पर्यावरणासाठी स्वयंसेवा, ग्रामीण भागाचे प्रश्न आणि जागतिक शांतता.

हॉस्टेलात आल्यावर मैत्रिणींना यादी दाखवली. एक म्हणाली, "यात भांडणार कोण? शांतता नको, असं म्हणायला कुणी उभं राहणार आहे का?" तिचं खरं होतं. हे तिन्ही विषय शाळेच्या निबंधाच्या वहीतले. सगळ्यांना मान्य, म्हणून कुणालाच त्यांचं काही पडलेलं नाही.

पण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. ठरावाचं क्रियापद कोणतं घ्यायचं? सभागृह 'विनंती करते', 'शिफारस करते', 'आग्रह धरते', 'चिंता व्यक्त करते', 'खेद व्यक्त करते', 'निषेध करते'. ही उतरंड आहे, आणि अख्ख्या ठरावाचं वजन त्या एका शब्दावर तोललेलं असतं. बाकीचा मजकूर म्हणजे भाताबरोबरची कढी. शिवाय मराठीत क्रियापद बसतं शेवटी, म्हणजे सभागृहाला नेमकं काय म्हणायचं आहे ते कळेपर्यंत ऐकणाऱ्याला डुलकी लागायची. सरांनी तोड सांगितली: "की घाल." महाराष्ट्राच्या विधानसभेतही असंच असतं म्हणे, 'ही विधानसभा शिफारस करते की' आणि मग काय ते. एका 'की'ने माझं अर्धं काम केलं.

ठराव हा शब्दही मला आधी कोरडा वाटायचा. आपल्याकडे भाव ठरतो, दिवस ठरतो, लग्न ठरतं. ठरलं म्हणजे झालं असं नाही, पण ठरल्यावर कुणी गप्प बसलेलं चालत नाही. लग्न ठरून दोन वर्षं कुणी हललं नाही तर वाड्यावर कुजबुज सुरू होते. ठराव होऊन दोन वर्षं कुणी हललं नाही तर कुजबुजसुद्धा होत नाही. लोकसभेच्या हिंदीत याला 'संकल्प' म्हणतात. आपल्याकडे संकल्प सोडताना हातावरून पाणी सोडतात. आणि एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे काय, ते मराठीच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको.

हे ठराव नावाचं प्रकरण जगभर कसं चालतं ते मी मग वाचत सुटले. ब्रिटनच्या संसदेत एक गंमत आहे. तिथला कुठलाही साधा खासदार 'लवकरच्या एखाद्या दिवशी' चर्चेला घ्यावा म्हणून प्रस्ताव मांडू शकतो. तो लवकरचा दिवस बहुधा उजाडतच नाही. प्रस्ताव छापला जातो, इतर खासदार खाली सह्या करतात, संपलं. अट एवढीच की सगळा मजकूर एकाच वाक्यात आणि 250 शब्दांच्या आत बसला पाहिजे. गावातल्या तरुणांनी नदीकाठ साफ केला म्हणून अभिनंदन, खेड्यातलं पोस्ट बंद पडतंय म्हणून चिंता, कुठं युद्ध पेटलं म्हणून खेद, असलं सगळं या एकेका वाक्यात. 2004 मध्ये टोनी बँक्स नावाच्या खासदाराने तर कमाल केली. कबुतरांना उडते बॉम्ब म्हणून वापरायची कल्पना एकेकाळी निघाली होती, असं गुप्तहेर खात्याच्या जुन्या कागदांतून बाहेर आलं. त्यावर याने प्रस्ताव दिला. मथितार्थ असा, की माणूस हा पृथ्वीवरचा सर्वांत क्रूर प्राणी आहे आणि आकाशातून दगड पडून तो नाहीसा होईल, निसर्गाला पुन्हा श्रीगणेशा करता येईल, त्या दिवसाची हे सभागृह वाट पाहत आहे. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले जेरेमी कॉर्बिन यांनी त्याच्यावर सही केली होती. पर्यावरण आणि जागतिक शांतता हे माझे दोन विषय त्या गृहस्थाने एका वाक्यात निकालात काढले होते.

हसू आलं खरं, पण याच कप्प्यातून 1979 मध्ये मार्गारेट थॅचर यांचा अविश्वासाचा प्रस्तावही आला होता. 28 मार्चला मतदान झालं, 311 विरुद्ध 310. एका मताने कॅलहन यांचं सरकार गेलं. कप्पा तोच, चिठ्ठी तशीच, फक्त मागे उभे राहणारे लोक वेगळे.

दिल्लीत शुक्रवार. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या खासदारांचे, एका शुक्रवारी विधेयकं, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. अशा खासगी विधेयकांपैकी आजवर फक्त 14 कायदे झाले, आणि शेवटचा झाला 1970 मध्ये. माझ्या आईचाही जन्म झाला नव्हता तेव्हा. ठरावांची रीत आणखी मवाळ. सदस्य पोटतिडकीने बोलतो, मंत्री उत्तर देतात, सरकार या प्रश्नाबाबत संवेदनशील असल्याचं सांगतात आणि सदस्याने ठराव मागे घ्यावा अशी विनंती करतात. सदस्य बहुधा मागे घेतो. आम्हाला जी नमुना संहिता दिली होती तिच्यातही हेच होतं. ग्रामीण प्रश्नांचा ठराव मांडणाऱ्याने पाच वाक्यं बोलायची, मंत्र्याने आश्वासन द्यायचं, मग मांडणाऱ्याने म्हणायचं, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझा ठराव मागे घेतो." टाळ्या.

ते वाक्य मी साफ अक्षरात उतरवून काढलं आणि माझं डोकं फिरलं. कारण घरी आमचाही एक ठराव आहे.

आमचं गाव सत्तरीत. वाड्याच्या खाली व्हाळ आहे. तो फार मोठा नाही, पण त्याच्यावर चार कुळागरं आणि खालच्या शेतातली वायंगण उभी असते. पाऊस सरला की माणसं दगड, माती, झाडाच्या फांद्या घालून त्याला बांध घालायची, हल्ली रेतीची पोती घालतात. हा बांध पुढच्या पावसात वाहून जातो आणि तो जायलाच हवा. दर वर्षी नवा घालायचा, हीच त्याची रीत. दोन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कुणीतरी तांबड्या मातीचे ट्रक रिकामे करायला सुरुवात केली. कडेकडेने भराव वाढत गेला. आधी पोफळींना कळलं, मग आम्हाला.

ग्रामसभा झाली रविवारी. माझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा तिथं उभे राहून बोलले. भराव थांबवावा आणि व्हाळाची मोजणी करून घ्यावी, असा ठराव त्यांनी सुचवला, शेजारच्या काकांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले, सर्वानुमते मंजूर. घरी आल्यावर बाबा जेवताना दोनदा हसले. आजीने मात्र भाजी वाढता वाढता विचारलं, "ठराव घेतलो, मागीर कितें?" ठराव घेतला, मग काय?

मग काहीच नाही. ट्रक महिनाभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात गेला असं कळलं. पुढच्या ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. म्हणजे आम्ही असं ठरवलं होतं, हे आम्ही पुन्हा ठरवलं.

या रागात मी मसुदा लिहायला बसले असते तर तो ठराव न होता शिव्यांची माळ झाली असती. (शिव्यांवरून आठवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव करून आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठेवला आहे. आमच्या बसस्टँडवर हा नियम लागला तर पंचायतीचं नवं घर सहज उभं राहील.) पण हा सौंदाळ्याचा ठराव शोधतानाच मला दुसरे सापडले, आणि माझा थोडा गोंधळ उडाला.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा गावात बंद. त्यामागे कायदा नव्हता, दंड नव्हता, पोलीस नव्हते. गावाने एकमेकांच्या तोंडावर शब्द दिला, एवढंच. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे ठराव खालून वर गेला. आपल्याला सवय असते ती वरून खाली येणाऱ्या कागदाची.

गडचिरोलीतलं मेंढा तर मराठी पुस्तकांतून आपल्याला थोडंफार माहीत असतं. तिथं निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचं एक होईपर्यंत बोलणं चालू राहतं. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडून बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हातात. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मधली दोन वर्षं गाव काय करत होतं? कागद धरून बसलं होतं, आणि कागदाच्या मागे लागलं होतं.

आणि ओडिशातलं नियमगिरी. बॉक्साइटची खाण हवी की नको, हे डोंगरावरच्या ग्रामसभांनी ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं. बारा ग्रामसभा झाल्या. बारांनी नको म्हटलं. पुढच्या वर्षी केंद्राने खाणीला परवानगी नाकारली. तिथं ठरावाच्या पाठीशी 2006 चा वनहक्क कायदा होता. त्या बारा वस्त्यांतल्या माणसांनी डोंगर आमचा देव आहे असं सांगितलं, आणि त्या सांगण्याला कायद्यात उभं राहायला जागा होती.

आमच्या व्हाळाच्या ठरावाला अशी जागा कुठं आहे, ते मी अजून शोधते आहे. मोजणीच्या नकाशात तो व्हाळ व्हाळ म्हणून दाखवलेला असेल तर एक वाट, नसेल तर दुसरी. म्हणून तर बाबांनी मोजणी मागितली होती. माझ्या बाबांचं शिक्षण सातवी. त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

स्वयंसेवेचा ठराव मी सर्वांत आधी उरकला, कारण तो सोपा होता. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे शाश्वत विकासासाठी स्वयंसेवकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे, आपली राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 पासून चालू आहे, सभागृह स्वयंसेवकांचं अभिनंदन करते, वगैरे. लिहून झाल्यावर वाचला आणि वाटलं, अभिनंदनासारखी स्वस्त वस्तू नाही. मी स्वतः एनएसएसमध्ये आहे. वर्षाला 120 तास भरायचे असतात. किनाऱ्यावर सकाळी प्लास्टिक वेचायचं, बॅनर धरून फोटो काढायचा, बिस्किटं खायची. ते काम खोटं नाही, पोती भरून कचरा खरोखर निघतो. पण आमच्या व्हाळावर बांध घालायला डिसेंबरात जी माणसं येतात, त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही. त्यांच्या तासांची वही नसते. त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे दुखतात. दर वर्षी त्याच जागी, तोच बांध. म्हणून मसुद्यात मी अभिनंदन खाली ढकललं आणि वर लिहिलं, की स्वयंसेवेचे तास मोजताना एकाच जागी पुन्हा पुन्हा केलेलं काम धरावं, आणि कॉलेजने एक व्हाळ, एक तळं किंवा एक टेकडी पाच वर्षांसाठी घ्यावी. सर म्हणाले, "हे ठरावासारखं वाटत नाही, कामाच्या यादीसारखं वाटतं." फादरांनी ते वाचून तसंच ठेवायला सांगितलं.

जागतिक शांततेचा ठराव मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. भारताच्या संसदेने काय केलंय ते बघू म्हणून 2003 चा इराकवरचा ठराव वाचला. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले मनोहर जोशी. अमेरिकेचा निषेध करायचा की नुसती नाराजी दाखवायची, यावर सरकार आणि विरोधक यांचं जुळत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला तो भाषेत. हिंदीत शब्द आला 'निंदा', आणि इंग्रजी पाठात त्याहून सौम्य शब्द. ज्याला जेवढं कडक हवं तेवढं त्याने वाचून घ्यावं. ठराव 8 एप्रिलला एकमताने झाला. परकीय फौजा लवकर मागे घ्याव्यात, असं त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी, 9 एप्रिलला, बगदाद पडलं. मराठी मंडळातल्या मुलीला वाटू नये तेवढं मला त्या 'निंदा' शब्दाचं वाईट वाटलं. आपल्याकडे निंदा करतात ती शेजारणीची.

मग मी त्या मसुद्यात 'जगातील सर्व राष्ट्रांनी सामंजस्याने' असं सुरू करून ठेवलं आणि झोपले. सकाळी मेसमध्ये माझ्या समोर बसणाऱ्या सासष्टीच्या मुलीने तो कागद वाचला. तिचे पप्पा मालवाहू जहाजावर असतात. ती म्हणाली, "यात जहाज कुठं आहे?" 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा तिच्या घरी संध्याकाळची तेर्स झाली की सगळे मोबाइलवर पप्पांच्या जहाजाचा ठिपका बघत बसायचे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 10 जानेवारी 2024 रोजी ठराव केला, हल्ले थांबवा म्हणून. बाजूने 11, तटस्थ 4, विरोधात कुणी नाही. हल्ले चालूच राहिले. 6 मार्चला एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तिघे खलाशी गेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने उचललं. त्या रात्री त्यांच्या घरी कुणी जेवलं नाही. पप्पांचं जहाज तिथं नव्हतं, ते आफ्रिकेला वळसा घालून चाललं होतं, पण ते सकाळी कळलं.

"ठरावाने काय झालं मग?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मम्मीने पेपर कापून ठेवलाय. पप्पा चुकीच्या जागी नव्हते, मारणारे चुकीचे होते, असं जगाने लिहून दिलंय म्हणते."

यावर मला काही बोलता आलं नाही. 'सामंजस्याने' वगैरे मी खोडलं आणि लिहिलं, की व्यापारी जहाजांवरील खलाशी हे कोणत्याही युद्धातील पक्ष नाहीत, त्यांच्यावरील हल्ल्यांचा हे सभागृह निषेध करते, आणि धोक्याच्या क्षेत्रातील प्रत्येक भारतीय खलाशाच्या घरी ठराविक वेळी खबर पोचेल अशी व्यवस्था करण्याची सरकारला शिफारस करते. विरोधी बाकावरच्या मुलांनी 'निषेध' ऐवजी 'खेद' हवा म्हणून तालमीत वाद घातला. मी शब्द सोडला नाही. तिनेही नाही.

प्रत्यक्ष दिवशी सगळं संहितेप्रमाणे चाललं होतं. युवा संसदेला 55 मिनिटं असतात, परीक्षक घड्याळ बघत असतात. ग्रामीण ठराव मांडायला केप्याचा एक मुलगा होता. बसची शेवटची फेरी, शाळेचा एकच शिक्षक, व्हाळावरचे भराव, असं मी लिहिलेलं त्याने सगळं म्हटलं. मंत्री झालेली मुलगी उठली, "सरकार या बाबतीत संवेदनशील असून लवकरात लवकर" म्हणाली आणि बसली. आता त्याचं ते मागे घेण्याचं वाक्य. तो उभा राहिला, कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "लवकरात लवकर म्हणजे कोणत्या तारखेला?"

मंत्र्याकडे तारीख नव्हती. संहितेत ती नव्हतीच. सभापती झालेला मुलगा सरांकडे बघायला लागला. खरं तर याचं उत्तर खऱ्या संसदेत आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन लिहून घेतलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि ते झालं की नाही हे बघायला 1953 पासून लोकसभेची वेगळी आश्वासन समिती आहे. मी मागच्या रांगेतून चिठ्ठीवर 'तीन महिने, आश्वासन समिती' एवढं लिहून पुढे सरकवलं. चिठ्ठी मंत्र्यापर्यंत गेली. तिने वाचलं, "तीन महिन्यांत." केप्याचा मुलगा म्हणाला, "तर मग ठराव राहू दे, तीन महिन्यांनी बघू." परीक्षकांनी वेळेचे दोन गुण कापले. आमचा दुसरा नंबर आला.

घरी गेले त्या शनिवारी बाबांना ही चिठ्ठीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, पंचायतीच्या ठरावाची शिक्का मारलेली नक्कल मागता येते का बघ. सोमवारी मी अर्ज लिहून दिला, आणि पाठोपाठ मोजणीचं काय झालं हे विचारणारा दुसरा, माहितीच्या अधिकाराखाली. त्याला तीस दिवसांची मुदत असते. नक्कल आठवड्याने मिळाली. निळ्या शाईत चार ओळी, खाली सूचक म्हणून बाबांचं नाव, त्यात आडनावाची वेलांटी चुकलेली. क्रियापद होतं 'ठरले'.

दुसऱ्या अर्जाचे आज एकोणीस दिवस झाले. या डिसेंबरात बांध दुसऱ्या रविवारी घालायचा आहे. केप्याचा तो मुलगा येतो म्हणालाय, हॉस्टेलातल्या पाचजणी येणार आहेत, सासष्टीची ती मुलगीही. सिस्टरांनी सकाळी सहाची बस धरायची परवानगी दिली आहे. तासांची वही आणू नका असं मी सगळ्यांना सांगितलंय, पोती मात्र आणा.